अमेरिकेत रेसला गेल्यावर खिडकीवरच्या क्लार्कला टिप द्यायची का, आणि द्यायची तर कशी

आधी एक घोळ मिटवून टाकू. रेसकोर्सवर ‘टिप’ म्हटलं की आपल्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते कुणीतरी कानात सांगितलेला घोडा, म्हणजे ‘पाचव्या रेसला आठ नंबर, पक्की टिप आहे, कुणाला सांगू नको’ वगैरे. ती टिप माझ्याकडे नाही, असती तर मी लेख लिहीत बसलो नसतो. ही टिप म्हणजे बक्षिसी, खिडकीमागे बसून तिकीट काढून देणाऱ्या आणि जिंकलेलं तिकीट वटवून देणाऱ्या क्लार्कला द्यायची.

प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मॉनमाउथ पार्क हा रेसकोर्स एडिसनहून गाडीने तासाभराच्या आत आहे, सीझनमध्ये ट्रेन अगदी ट्रॅकच्या दारात थांबते, त्यामुळे भारतातून कुणाचे आईवडील आले, कुणाचा मेहुणा आला, की एक रविवार तिकडे ठरलेला. आणि बिचारा नवीन माणूस आधीच घाबरलेला असतो कारण इथे साधी कॉफी घेतली तरी स्क्रीन फिरवून तोंडासमोर 18 टक्के, 20 टक्के, 22 टक्के करतात. मग तो खिडकीपुढे उभा राहून मला मराठीत विचारतो, ‘अरे याला किती द्यायचे?’ आणि मागे बारा माणसं, रेसला दोन मिनिटं.

तर उत्तर आधीच सांगतो. द्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही. अमेरिकेत वेटरला टिप देणं जवळजवळ सक्तीचं वाटतं त्याला कारण आहे, टिप मिळणाऱ्या कामगारासाठी केंद्र सरकारचा किमान पगार ताशी फक्त 2.13 डॉलर आहे आणि तो 1991 पासून तिथेच अडकलाय (काही राज्यांत जास्त आहे, पण मूळ आकडा हा). खिडकीवरचा क्लार्क त्या गटात बसत नाही. बऱ्याच ट्रॅकवर ही मंडळी युनियनची असतात, कॅलिफोर्नियात तर पॅरिम्युच्युअल क्लार्कांची (म्हणजे याच खिडकीवाल्यांची) स्वतःची गिल्ड आहे, लोकल 280 नावाची. म्हणजे पगार ठरलेला, टिप वरची. नाही दिली तर कुणी तोंड वाकडं करणार नाही. पण जिंकल्यावर थोडं ठेवायची रीत मात्र जुनी आहे, आणि ती नीट पाळली तर मजा येते.

1. खिडकीमागे काय चालतं ते समजून घ्या

इथे पैसे बुकीकडे लावायचे नसतात, टोटवर लावायचे असतात, म्हणजे आपल्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला टोटची खिडकी असते तसंच. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, त्यातून ट्रॅक आणि सरकार आपला वाटा आधी काढून घेतात (बेटच्या प्रकाराप्रमाणे साधारण 15 ते 25 टक्के), आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. तुम्ही जिंकलात तर क्लार्कच्या खिशातून काही जात नाही, हरलात तर त्याला काही मिळत नाही. त्याचं तुमच्याशी भांडणही नाही आणि तुमचा घोडा निवडण्यात त्याचा हातही नाही.

त्याची खरी डोकेदुखी वेगळी आहे. बऱ्याच ठिकाणी दिवसाच्या शेवटी ड्रॉवरमध्ये पैसे कमी भरले तर ते क्लार्कला स्वतःच्या पदरचे भरावे लागतात. घाईत पाचच्या जागी वीसची नोट परत गेली की त्या माणसाचा दिवस गेला. हे एकदा कळलं की खिडकीवर कसं वागायचं ते निम्मं आपोआप कळतं.

2. रांगेत लागायच्या आधी तयारी

माझ्या मते हीच पहिली टिप आणि हिला पैसे पडत नाहीत. खिडकीपुढे जाऊन मग रेसचं पुस्तक उघडून ‘हं, बघू या’ करणारा माणूस क्लार्कला आणि मागच्या रांगेला सारखाच नकोसा असतो. नोटा हातात, बेट डोक्यात, आणि बोलायचा क्रम असा: ट्रॅकचं नाव, रेस नंबर, रक्कम, बेटचा प्रकार, घोड्याचा नंबर. ‘मॉनमाउथ, रेस फाइव्ह, टू डॉलर, विन, नंबर सिक्स.’ एवढंच. क्लार्क याच क्रमाने बटणं दाबतो, त्यामुळे तुम्ही उलटसुलट सांगितलंत की त्याला सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. ट्रॅकचं नाव आधी का, तर त्याच खिडकीवर त्याच वेळी सॅराटोगाची नाहीतर दुसऱ्याच कुठल्या गावची रेसही विकली जात असते. आणि घोड्याचं नाव सांगू नका, नंबर सांगा. एक तर नावं विचित्र असतात, त्यात आपले उच्चार.

तिकीट हातात आलं की खिडकी सोडायच्या आधी वाचा. रेस सुटायच्या आधी चूक दिसली तर सहसा बदलून मिळतं, घोडे गेटमधून बाहेर पडले की मशीन बंद, मग कुणाची चूक होती यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

3. तिकीट काढताना टिप देऊ नका

हे मी स्वतः करून शिकलोय. नवीन नवीन होतो, ट्रॅकचं नाव राहू दे कारण चूक माझीच होती. खिडकीत सत्तरीच्या आसपासच्या एक आजी, चष्मा गळ्यात साखळीला अडकवलेला, प्रत्येकाला ‘हनी’ म्हणत होत्या. मला वाटलं, आपण जरा चांगलं वागावं. मी चार डॉलर पुढे सरकवले आणि म्हणालो, नंबर तीन, विन, टू, अँड टू फॉर यू. आजूबाजूला गोंगाट, वर लाउडस्पीकर, माझा उच्चार पुणेरी. आजींनी फक्त ‘टू अँड टू’ ऐकलं आणि खटाखट तिकीट छापलं: दोन डॉलर विन, दोन डॉलर प्लेस (म्हणजे घोडा पहिला किंवा दुसरा आला तरी पैसे). कारण रेसच्या भाषेत टू अँड टू म्हणजे तेच असतं ना! त्या बाईचं काहीच चुकलं नव्हतं.

घोडा आला दुसरा. विनचे दोन गेले, प्लेसचे तीन डॉलर ऐंशी सेंट आले. मी ते ऐंशी सेंट खिडकीतच राहू दिले आणि तीन डॉलर घेऊन निघालो. म्हणजे टिप शेवटी पोचली खरी, पण वळसा घालून.

तर तिकीट काढताना जास्तीचे पैसे सरकवले की ते बेटचेच समजले जातात. शिवाय आधी दिलेल्या टिपला तसा अर्थही नाही, अजून काही घडलेलंच नसतं.

4. द्यायची ती जिंकलेलं तिकीट वटवताना

दोन डॉलरच्या विन तिकिटाला समजा 8.40 मिळाले. आठ डॉलर उचला, चाळीस सेंटची नाणी तिथेच राहू द्या. सगळ्यात कॉमन टिप हीच आहे, आणि मोजून सांगायचं तर बहुतेक नेहमीचे लोक एवढंच करतात. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी सीझनला माझा मामा हेच करायचा, सुट्टे उचलायचाच नाही, नोटा खिशात घालत ‘चहा घ्या’ म्हणून पुढे जायचा. फरक एवढाच की आपल्याकडे ‘चहापाणी’ म्हटलं की काम करून घेण्यासाठी दिलेल्या पैशाचा वास येतो. इथे काम झालेलं असतं, पैसे तुमचे ठरलेले असतात, तुम्ही खुशीने ठेवता.

पुढचे आकडे हा माझा हिशोब, कुठे नियम म्हणून लिहिलेला नाही. वीस डॉलरपर्यंत जिंकलात तर चिल्लर, नाहीतर काहीच नाही. पन्नास-शंभर आले तर एक-दोन डॉलर. दोन-तीनशे आले तर पाच. हजाराच्या वर गेलात तर वीस, आणि मन मोठं असेल तर चाळीस, पण टक्केवारी लावत बसू नका, हे हॉटेलचं बिल नाही. त्या दिवशी एकूण तुम्ही दोनशे डॉलर खाली आहात आणि एका तिकिटाला साठ मिळाले तर टिप द्यायचीच असंही काही नाही, क्लार्कला तुमचा दिवसभराचा हिशोब माहीत नसतो पण तुम्हाला असतो.

आमच्या मेहुण्याने पहिल्याच दिवशी एकवीस डॉलर जिंकून दहा डॉलर दिले, क्लार्कने दोनदा विचारलं ‘शुअर?’. नंतर गाडीत त्याला सगळे हसले. त्याचं म्हणणं, आयुष्यात पहिल्यांदा घोडा लागला, जाऊ दे की. आता यावर काय बोलणार.

5. द्यायची पद्धत

नोट काउंटरवर ठेवून थोडी आत सरकवा आणि स्पष्ट बोला, ‘धिस इज फॉर यू’. न बोलता नोट सोडून गेलात तर क्लार्क तुम्हाला हाक मारून परत बोलावेल, कारण तुम्ही पैसे विसरलात असं त्याला वाटतं (ड्रॉवरचं मघाशी सांगितलं ना). रोख न घेता व्हाउचर (पुढच्या बेटला वापरता येणारी तेवढ्या पैशांची चिठ्ठी) घेत असाल तर व्हाउचर छापायच्या आधी सांगा, ‘टेक फाइव्ह फॉर युवरसेल्फ’, तो पाच वजा करून बाकीचं छापून देईल. एकदा छापलं की परत सगळा खटाटोप.

काही लोक टिपऐवजी क्लार्कच्या नावाने दोन डॉलरची बेट लावतात. ऐकायला छान वाटतं, पण मला पटत नाही. बहुतेक वेळा घोडा येत नाही आणि त्याच्या हातात एक रद्दी कागद उरतो. रोख द्या, त्याला कुठे लावायचे तिथे तो लावेल.

6. जमलं तर एकच खिडकी धरा

दिवसभरात सहा-सात वेळा जाणार असाल तर त्याच माणसाकडे जा. तिसऱ्या वेळेपर्यंत तो तुम्हाला ओळखतो, तुमचं इंग्रजी त्याच्या कानाला सरावतं, चुका कमी होतात. मग प्रत्येक तिकिटामागे टिप द्यायची गरज नाही, शेवटच्या रेसनंतर निघताना एकदाच पाच डॉलर दिले तरी चालतं, आणि मला तरी हेच जास्त बरं वाटतं.

मोठ्या दिवशी मात्र हे विसरा. जुलैत हॅस्केल नावाची मोठी रेस असते तेव्हा मॉनमाउथला पाय ठेवायला जागा नसते, 2015 मध्ये अमेरिकन फेरो हा नावाजलेला घोडा धावला त्या दिवशी जवळपास 61 हजार माणसं होती. अशा दिवशी मिळेल ती खिडकी, आणि बेट पंधरा-वीस मिनिटं आधीच लावून मोकळं व्हायचं. पाचची नोट दाखवून रांग मोडायचा प्रयत्न करू नका, क्लार्क ऐकणार नाही आणि रांगेतले लोक तर तुम्हाला इंग्रजीतले नवीन शब्द शिकवतील.

7. घबाड लागलं तर

लावलेल्या पैशाच्या 300 पट किंवा त्याहून जास्त मिळालं आणि रक्कमही मोठी असली की टॅक्सचा कागद भरावा लागतो, डब्ल्यू-टू-जी नावाचा. त्यासाठी ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, आणि रक्कम आणखी मोठी असेल तर 24 टक्के तिथेच कापून घेतात. यात क्लार्कचा काही दोष नाही, त्याच्यावर चिडू नका. कागदावर पूर्ण जिंकलेली रक्कम येते, तुम्ही दिलेली टिप त्यातून वजा होत नाही. ‘थोडं घे पण कागद करू नकोस’ असलं काही बोलायच्या भानगडीत तर चुकूनही पडू नका, त्याची नोकरी जाईल आणि तुमचा दिवस खराब होईल. कापून हातात किती आले ते बघा, मग टिपचं ठरवा.

8. किरकोळ पण विचारलं जातं म्हणून

मशीनवरून बेट लावली तर टिपचा प्रश्नच नाही. मॉनमाउथला 2018 पासून फुटबॉल-बेसबॉलवर पैसे लावायची सोयही आहे, ते काउंटर वेगळं, तिकडचं तिकीट घोड्यांच्या खिडकीवर वटत नाही, आणि घोड्यांना 18 वर्षं चालतात पण तिकडे 21 पूर्ण लागतात, कॉलेजच्या पोराला घेऊन जाणार असाल तर हे आधी त्याला सांगा.

क्लार्कने तुम्हाला चुकून जास्त पैसे दिले तर ते परत करा, ती टिप नव्हे हे सांगायला नको. माझ्याकडे एकदा वीस जास्त आले होते, मी मोजून परत केले, त्या माणसाने हुश्श केलं आणि मग काउंटरवर झुकून हळूच म्हणाला, पुढच्या रेसला दोन नंबर बघा. मी दहा डॉलर लावले. घोडा शेवटून दुसरा आला.