पटाशीची धार मुडपते तेव्हा
सागवानावर वेलबुट्टी कोरताना माझ्या गोल, म्हणजे पन्हळीसारखे पाते असलेल्या, पटाशीची धार वारंवार मुडपत होती. सागातील सिलिकामुळे हत्यार लवकर बोथट होते हे खरे, परंतु मुडपणे ही निराळी गोष्ट असून तिच्यामागे बहुधा फार निमुळता कोन किंवा मऊ पोलाद असते. म्हणून प्रथम कोन २० अंशांवरून २५ अंशांवर आणला. फरक पडला नाही. मग धारेजवळ बारीक कानस फिरवली, तेव्हा ती घसरण्याऐवजी पोलादात रुतली, म्हणजे पात्याला पाणी नीट दिलेलेच नव्हते, तापवून एकदम थंड करून ते पुरेसे कडक केलेले नव्हते. नवी पटाशी निवडताना (मुठीची चकाकी दुकानदारालाच लखलाभ) विक्रेत्याच्या संमतीने हीच परीक्षा केली, आणि पन्हळीची आतील बाजू गुळगुळीत आहे ना हेही पाहिले, कारण तेथील ओरखडे थेट धारेत उतरतात. आता ती अधूनमधून चामड्यावर घासली की पुरते.