‘ग्रँट’ शब्द वापरताना या चुका टाळा

परत फेडायचे नसलेले पैसे म्हणजे ग्रँट, एवढा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. तो चूक नाही, पण अर्धाच आहे. ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या अटींवर, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेली रक्कम ती ग्रँट. यातलं ‘ठरलेल्या कामासाठी’ हे विसरलं की बोलण्यात गोंधळ होतो, अर्ज फसतात आणि कधी कधी हातात आलेले पैसेही परत जातात.

फुकटचे पैसे समजणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ग्रँट कर्ज नसली तरी तिचा हिशेब द्यावा लागतो. उपकरणांसाठी मंजूर झालेली रक्कम न विचारता प्रवासावर खर्च केली, तर काम कितीही चांगलं झालं असलं तरी तो खर्च नामंजूर होऊ शकतो. मुदतीअखेर उरलेली रक्कम बहुधा परत करावी लागते. अमेरिकेत गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मिळणारी सरकारी ‘पेल ग्रँट’ विद्यार्थ्याला सहसा फेडावी लागत नाही, पण त्याने सत्राच्या मध्येच शिक्षण सोडलं तर काही भाग परत करण्याची वेळ येऊ शकते.

‘ग्रँट मिळाली’ म्हणजे सगळे पैसे खात्यात आले, असंही नाही. काही ग्रँटमध्ये आधी स्वतः खर्च करायचा असतो, पावत्या दाखवल्यावर रक्कम मिळते. युरोपीय संघाच्या संशोधन योजनांमध्ये सुरुवातीला काही रक्कम आगाऊ येते, शेवटचा हप्ता मात्र अहवाल मान्य झाल्यावरच. ‘मॅचिंग ग्रँट’ असेल तर आपला वाटा आपल्यालाच उभा करावा लागतो. म्हणून पत्र हातात आलं की आकड्याच्या आधी पैसे कधी आणि कशावर मिळणार ते वाचा. पदरचा पैसा नसलेल्या छोट्या संस्था इथेच अडकतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण काम करण्याची तळमळ त्यांच्याकडे पुरेपूर असते.

ग्रँट आणि सबसिडी एकच मानणं

या चुकीला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. मराठीत दोन्हींना ‘अनुदान’ म्हणतात, त्यामुळे इंग्रजीत लिहिताना हाताला येईल तो शब्द पडतो. वस्तूची किंवा सेवेची किंमत कमी राहावी म्हणून दिला जातो तो पैसा सबसिडी. बसचं तिकीट स्वस्त ठेवण्यासाठी दिलेली रक्कम सबसिडी. बसमार्गांचा अभ्यास करण्यासाठी एखाद्या संस्थेला दिलेली रक्कम ग्रँट.

देणगीचंही तसंच. देणगीदार हेतू सांगू शकतो, पण टप्प्याटप्प्याचे अहवाल आणि मंजूर अंदाजपत्रक हा सगळा पसारा ग्रँटबरोबर येतो. फेलोशिप सहसा व्यक्तीकडे पाहून दिली जाते, तर संशोधनाची ग्रँट प्रकल्पाकडे पाहून. ती अनेकदा संशोधकाच्या नव्हे, त्याच्या संस्थेच्या खात्यात जमा होते आणि संस्था तिच्यातून वीज, जागा, कार्यालय अशा अप्रत्यक्ष खर्चाचा वाटा घेते. स्वतःच्या परिचयात ‘मला इतक्या रकमेची ग्रँट मिळाली’ असं लिहिण्यापूर्वी ती नक्की कोणाच्या नावावर होती ते तपासा.

इंग्रजी वाक्यात घसरणं

‘अप्लाय’च्या पुढचं ‘फॉर’ गाळू नका: ‘अप्लाय फॉर अ ग्रँट’. देणारा सांगताना ‘फ्रॉम’, घेणारा सांगताना ‘टू’, काम सांगताना ‘फॉर’. ‘वुई रिसीव्ह्ड अ ग्रँट फ्रॉम द फाउंडेशन फॉर अ वॉटर सर्व्हे’ हे सरळ, स्वच्छ वाक्य आहे.

ग्रँट मोजता येते, फंडिंग मोजता येत नाही. त्यामुळे ‘अ ग्रँट’, ‘टू ग्रँट्स’ बरोबर. ‘अ फंडिंग’ आणि ‘फंडिंग्ज’ चूक. ‘ग्रँट-इन-एड’ (सहायक अनुदान) याचं अनेकवचन करताना ‘एस’ पहिल्या शब्दाला लागतो: ‘ग्रँट्स-इन-एड’.

‘सँक्शन’ हा शब्द मात्र खास जपून वापरा. आपल्याकडे ‘ग्रँट सँक्शन झाली’ हे रोजचं बोलणं आहे आणि इथल्या कार्यालयात ते कोणालाही कळतं. पण आंतरराष्ट्रीय व्यवहारात ‘सँक्शन’ म्हटलं की निर्बंध, दंडात्मक कारवाई हा अर्थ चटकन डोळ्यांपुढे येतो. ‘आमचा प्रकल्प सँक्शन्ड आहे’ असं परदेशी संस्थेला लिहिलं तर वाचणारा दचकेल. तिथे ‘अप्रूव्ह्ड’ किंवा ‘अवॉर्डेड’ लिहा.

‘ग्रँटेड’ म्हणजे आपलं झालं, असं धरणं

‘ग्रँट’ हे क्रियापदही आहे: परवानगी, हक्क, सवलत अधिकाराने देणं. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या धातूत आहे. ‘क्रेडिट’ही तिथूनच निघाला. म्हणूनच त्यात कबूल करण्याची, मान्य करण्याची छटा आहे, आणि ‘टेक फॉर ग्रँटेड’ म्हणजे गृहीत धरणं कसं, तेही यावरून उलगडतं.

देण्याची गोष्ट पैसाच असली पाहिजे असंही नाही. अमेरिकेत 1862 च्या मोरिल कायद्याने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून महाविद्यालयं उभारायची होती. ती विद्यापीठं आजही ‘लँड-ग्रँट’ म्हणून ओळखली जातात.

नोकरीच्या प्रस्तावपत्रात ‘स्टॉक ग्रँट’, म्हणजे कंपनीचे शेअर देण्याचं कबूल केलेलं दिसलं तर मात्र सावध वाचा. शेअर ‘ग्रँट’ होणं आणि ‘व्हेस्ट’ होणं, म्हणजे त्यांवरचा हक्क पक्का होणं, या वेगळ्या तारखा. बऱ्याच कंपन्यांत हा हक्क 4 वर्षांत हळूहळू पक्का होतो आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी नोकरी सोडली तर हाती काहीच लागत नाही.

आणखी दोन

‘नो-कॉस्ट एक्स्टेन्शन’ म्हणजे खर्च माफ नव्हे: मुदत वाढते, रक्कम तीच राहते. ही वाढ मूळ मुदत संपायच्या आधी मागावी लागते.

आणि फोनवर ऐकताना ‘ग्रँट’ व ‘ग्रँड’ यांत गफलत करू नका. इंग्रजी बोलीत ‘अ ग्रँड’ म्हणजे 1,000 पाउंड किंवा डॉलर. ‘टेन ग्रँड’ म्हणजे दहा हजार, दहा ग्रँट नव्हेत. ब्रिटिश उच्चार ‘ग्रांट’च्या जवळ जातो, त्यामुळे तिथे हा घोळ कमी, अमेरिकी उच्चारात दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच कानावर पडतात. रक्कम ठरत असेल तर ती लेखी मागवून घ्या.