येळवस पहिल्यांदाच करताय? आदल्या दिवसापासून सांजेपर्यंत काय काय करायचं

मार्गशीर्ष अमावस्या म्हणजे आपली येळवस, कॅलेंडरात वेळ अमावस्या लिहिलेली असते तीच. लातूर, धाराशिव अन् बीड-नांदेडच्या काही भागात हा सण दिवाळीइतका मोठा, लातूरचे रस्ते त्या दिवशी दुपारी ओस पडतात कारण सगळे शेतात. लग्न करून इकडं आलेल्या सुना, नोकरीसाठी पुण्याला गेलेली लेकरं, किंवा ज्यांच्या घरात सांगणारं जाणतं माणूस आता राहिलं नाही असे लोक विचारत असतात की नेमकं करायचं काय, म्हणून एका जागी सगळं लिहून ठेवते.

तारीख आधी बघून घ्या. कधी डिसेंबरात येते तर कधी जानेवारीत सरकते, २०२४ मधे तर दोनदा आली, ११ जानेवारीला अन् ३० डिसेंबरला. स्वतःचं शेत नसलं तरी अडत नाही, नातेवाईकांच्या, मित्राच्या, कोणाच्याही शेतात जा, येळवसेला आलेल्या माणसाला जेवल्याबिगर कोणी सोडत नाही.

आदल्या दिवशी

सगळ्यात पहिलं काम आंबिलीचं, कारण तिला रात्रभर मुरायला लागतं. दहा-बारा माणसं असतील तर दोन वाट्या ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून घ्या, गुठळी राहू देऊ नका, मग ते उकळत्या पाण्यात सोडून मंद गॅसवर हलवत हलवत शिजवा. पूर्ण गार झालं की दीड-दोन लिटर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, आलं, जिरं. गरम असताना ताक ओतलं की फाटतं, एवढं एक ध्यानात ठेवा. मातीच्या मडक्यात ठेवली तर चव येते ती स्टीलच्या डब्यात येत नाही, मडकं नसेल तर बाजारातून आणा, हा खर्च करायचाच.

दुसरं, भज्जीची निवडानिवड. भज्जी म्हणजे तळलेली भजी नाही, बाहेरचे लोक इथंच चुकतात. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, वालाचे दाणे, भिजवलेले शेंगदाणे, वांगी, गाजर, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, रानात ह्या दिवसात जे जे मिळतं ते सगळं. रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून शेंगा सोलायला बसा, लेकरांनाही बसवा, मोबाईल बाजूला.

सकाळी लवकर

पहाटे उठल्याशिवाय हे होत नाही. आधी दाणे शिजवून घ्या, ते अर्धे शिजले की वांगी-गाजर, अन् पालेभाज्या शेवटी. मग हिरवी मिरची-लसणाचा ठेचा, चिंचेचा कोळ, मीठ, हळद, अन् ताकात कालवलेलं बेसन हळूहळू सोडत ढवळायचं, खाली लागतं म्हणून हात थांबवायचा नाही. पळीवरून जाडसर ओघळली की झाली. हिच्यासोबत बाजरीचे उंडे पाहिजेतच, गरम पाण्यात पीठ मळून गोळे करायचे अन् वाफवायचे, खाताना हातानं फोडून भज्जीत. बाकी ज्वारीची भाकरी, तिळाची पोळी, शेंगाची पोळी, गव्हाची खीर, धपाटे जेवढं जमेल तेवढं. सगळं नाही जमलं तर पोळ्या सोडा, पण आंबील, भज्जी अन् उंडे सोडू नका.

आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन शेतात जायची पद्धत आहे. गाडीनं जाणार असाल तर निदान बांधापासून पूजेच्या खोपीपर्यंत तरी डोक्यावर न्या.

शेतात

कडब्याच्या पाच पेंढ्या गोल उभ्या करून वरचे शेंडे एकत्र बांधा, तोंड पूर्वेला ठेवा, वरून घोंगडी किंवा शाल टाका, झाली खोप. आत पाच दगड धुऊन, चुना अन् कावेनं रंगवून मांडायचे, हे पाच पांडव, शेजारी द्रौपदी. हळद-कुंकू, नारळ, अन् केलेल्या प्रत्येक पदार्थाचा नैवेद्य.

आता जे सांगते ते खरं महत्त्वाचं. पूजा झाली की लोक लगेच पंगतीला बसतात, आजकाल तर फोटो काढून झाले की ताटंच वाढतात, अन् चर शिंपायचं, म्हणजे पिकाला आंबील शिंपडायचं, राहून जातं. असं करू नका. एकानं आंबिलीचं भांडं धरायचं, दुसऱ्यानं कडुलिंबाच्या डहाळीनं पिकाच्या कडेकडेनं ती शिंपडत जायचं, बाकीच्यांनी मागून "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत, गावागावात बोल थोडे बदलतात, आपल्या घरात जे म्हणतात तेच म्हणा. पूर्ण शेताला फेरा झाला पाहिजे. आपल्या आधी त्या काळ्या आईला अन् तिच्यावर उभ्या असलेल्या ज्वारी-हरभऱ्याला जेवू घालायचं असतं, ते सोडलं तर मग ही नुसती पिकनिक झाली, अन् पिकनिकला अमावस्या कशाला पाहिजे?

त्यानंतर निवांत जेवा, झाडाखाली, पत्रावळीवर. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारा. शेजारच्या शेतातही जाऊन दोन घास खाऊन या, नाही गेलात तर राग येतो.

सांजच्याला हेंडगा पेटवतात, गवताची पेंढी पेटवून पिकाभोवती पळायचं. हे जाणत्या माणसानंच करावं, सुती कपडे घालून, जवळ पाण्याची घागर ठेवून, अन् वारं जास्त असेल किंवा शेजारी कडब्याची गंजी असेल तर सरळ एका जागी ओल्या मातीवर पेटवून विझवा. लेकरांच्या हातात अजिबात देऊ नका.

निघताना पत्रावळ्या, प्लास्टिकचे ग्लास गोळा करून घरी न्या, बैल खातात ते. उरलेली भज्जी त्याच रात्री एक उकळी काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी शिळ्या भाकरीसोबत आणखी चांगली लागते, आंबील मात्र फार आंबट होते, तिच्यात ताजं ताक घालून सकाळीच संपवा.