वॉफल कुरकुरीत हवा तर वाफेकडे बघा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी ३१ वर्षं बॉयलरवर काढली. आता निवृत्त आहे. मे महिन्यात नात पुण्याहून सुट्टीला येते आणि तिला नाश्त्याला वॉफल लागतो, म्हणजे दोन तापलेल्या लोखंडी पट्ट्यांमध्ये पातळ पीठ ओतून भाजलेली खाचाखाचांची जाड चकती. सूनबाईने त्यासाठी मशीन आणून ठेवलंय. गोल, चार पाकळ्यांचं, ७५० वॅटचं. पहिल्या काही रविवारी जे वॉफल निघाले ते दिसायला सोनेरी, पण ताटात टाकले की पाच मिनिटांत ओल्या पुठ्ठ्यासारखे. नात कडा तेवढ्या खायची आणि मधला भाग तसाच ठेवायची. ते मला बघवेना. मग मी वजनकाटा काढला.

साच्यात मोजून ११० ग्रॅम पीठ ओतलं. मशीनचा हिरवा दिवा लागल्यावर वॉफल काढला, तर तो ९८ ग्रॅम भरला. पुढच्या वेळी दिव्याकडे बघितलंच नाही, वाफ जवळजवळ बंद होईपर्यंत थांबलो. तो वॉफल ८९ ग्रॅम भरला, आणि मोडला तेव्हा कट्‌कन आवाज आला. पीठ तेच, साचा तोच. फरक होता नऊ ग्रॅम पाण्याचा.

शून्य अंशावरचं एक ग्रॅम पाणी उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी उष्णता लागते, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. कारखान्यात चरकातून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, जवळपास निम्मं पाणी असतं. असा ओला बगॅस भट्टीत गेला की त्यातली बरीच उष्णता आधी ते पाणी उडवण्यातच जाते. वॉफलचं तसंच आहे. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि तोवर कुरकुरीतपणा येत नाही. खाली जे काही सांगतोय, ते सगळं पाणी बाहेर कसं काढायचं आणि काढलेलं परत आत कसं शिरू द्यायचं नाही, यासाठी आहे.

आमच्या मशीनवर पाच गोल वॉफल होतील एवढं माप देतो. मैदा १३० ग्रॅम. कॉर्नफ्लॉवर ४० ग्रॅम, म्हणजे सूप दाट करायला वापरतात तो पांढराशुभ्र स्टार्च. मक्याचं पिवळं पीठ घेऊ नका. बेकिंग पावडर चहाचे दोन चमचे, खायचा सोडा पाव चमचा, मीठ अर्धा चमचा, साखर दीड मोठा चमचा. ओल्या जिनसांत ताजं, आंबट न झालेलं दही १२० ग्रॅम, दूध १५० मिली, तेल ७० मिली आणि दोन अंडी. व्हॅनिला असेल तर थोडा, नाहीतर वेलदोडा.

कॉर्नफ्लॉवर कशाला, असं सौ.ने विचारलं होतं. मैद्यात ग्लूटेन असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि चिवटपणा आणतं. कॉर्नफ्लॉवरमध्ये ग्लूटेन नाही, त्यामुळे कवच पातळ आणि ठिसूळ होतं. आपण कांदाभज्यांत मूठभर तांदळाचं पीठ घालतो, ते याच कारणाने. घरात कॉर्नफ्लॉवर नसेल तर तांदळाची बारीक पिठी घ्या. किंचित रवाळ होतं, पण मला ते आवडतं.

लोणी घालू की तेल? पिठात तेलच घाला. बाजारच्या लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. जे पाणी नंतर उडवायचंय, ते आधी आत कशाला घालायचं? लोण्याची चव हवी असेल तर ते वरून घ्या. साखरही वाढवू नका. जास्त साखरेचा वॉफल आतून वाळण्याआधीच बाहेरून तांबूस होतो. आपण फसतो आणि लवकर काढतो.

बेकिंग पावडरचं पाकीट फोडून सहा महिने झाले असतील तर आधी तपासा. वाटीभर गरम पाण्यात अर्धा चमचा टाका. जोरात फसफसलं तर ठीक, नाहीतर नवीन आणा. पावडर मेलेली असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आता कृती. मशीन आधी लावा, पीठ नंतर कालवा. छोट्या मशीनच्या पट्ट्या दिवा लागला म्हणजे वरून तापलेल्या असतात, पण पट्टीच्या पोटात उष्णता साठायला वेळ लागतो. मी दिवा लागल्यावरही पाच मिनिटं थांबतो. तव्याचं तेच असतं. पाणी शिंपडल्यावर चर्र झालं म्हणून लगेच पहिला डोसा टाकला तर तो चिकटतो.

अंडी फ्रीजमधून काढल्या काढल्या फोडा, थंड असताना पिवळं आणि पांढरं सहज वेगळं होतं. पांढरं मात्र थोडं कोमट झाल्यावर फेटा, तेव्हा ते जास्त फुलतं. भांडं स्टीलचं, कोरडं आणि तेलाचा अंशही नसलेलं हवं. मी लिंबाच्या फोडीने आतून पुसतो आणि कोरडं करतो. पिवळ्याचा एक थेंब जरी पांढऱ्यात गेला तरी फेस धरत नाही, म्हणून प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं.

कोरड्या जिनसा एकत्र चाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात दही, दूध, तेल आणि पिवळं घुसळा. ओलं कोरड्यात ओतून डावाने दहा-बारा वेळा फिरवा आणि थांबा. लहान गुठळ्या दिसतील, दिसू देत. भज्याच्या पिठासारखं फेटत बसलात तर मैद्याला तार सुटते आणि वॉफल रबरासारखा होतो. दहा मिनिटं झाकून ठेवा, तेवढ्या वेळात गुठळ्या आपोआप विरतात.

तोवर पांढरं फेटा. फेटणी उचलली की फेसाचं टोक उभं राहून शेंड्याला जरा वाकलं पाहिजे. त्याच्या पुढे गेलात तर फेस कोरडा होऊन कापसासारखा तुटतो आणि पिठात मिसळतच नाही. तीन वेळा करून तो पिठात घाला. उलथन्याने भांड्याच्या तळातून उचलायचं आणि वर टाकायचं, गोल ढवळायचं नाही. पांढऱ्या रेघा थोड्या राहिल्या तरी चालतील. वॉफल आतून हलका होतो तो या फेसामुळे. बाहेरचं कवच कडक आणि आत जाळी, असं दोन्ही हवं असेल तर ही पायरी गाळू नका. फेस घातल्यावर पीठ ठेवून देऊ नका, लगेच साच्याकडे चला.

पट्ट्यांना ब्रशने तेल लावा, खाचाखाचांत. फवाऱ्याच्या डब्यातलं तेल मी बंद केलं. त्याने पट्टीवर एक चिकट पिवळा थर बसतो आणि तो घासूनही निघत नाही. पीठ मध्यभागी ओता, कडेपासून बोटभर जागा सोडा, झाकण लावा.

आता हात लावू नका. माझा अगदी पहिला वॉफल मी दोन मिनिटांत उघडून बघितला होता. पोटातून फाटला, अर्धा वरच्या पट्टीला, अर्धा खालच्या. कवच धरण्याआधी उघडलं की असंच होणार.

वाफ बघा. पहिल्या मिनिटात झाकणाच्या फटीतून जाड, पांढरी, जोराची वाफ येते. तिसऱ्या मिनिटाला ती विरळ होते, पण येतच असते. हिरवा दिवा साधारण याच वेळी लागतो. तो पट्टी तापल्याचं सांगतो, वॉफल झाल्याचं नाही. माझ्या मशीनवर पाच ते साडेपाच मिनिटांनी नुसती एखादी बारीक रेघ उरते. डोळ्यांवर भरवसा नसेल तर स्टीलचा थंड चमचा फटीसमोर क्षणभर धरा. चमच्यावर धुकं दाटून थेंब जमले तर अजून पाणी निघतंय. नुसता पुसटसा धुरकटपणा आला तर झाकण उघडा. बॉयलरवर आम्हाला हेच शिकवलं होतं, की खरी कोरडी वाफ डोळ्यांना दिसत नाही, दिसतं ते तिचं झालेलं पाणी. झाकण अडखळलं तर जोर लावू नका, आणखी अर्धा मिनिट द्या, ते आपणहून सुटतं. काढायला लाकडी उलथनं किंवा बांबूची काडी घ्या. काट्याने नॉनस्टिकवर ओरखडे पडतात.

निघालेला वॉफल ताटात ठेवलात तर सगळं मुसळ केरात. गरम वॉफलमधून वाफ निघतच असते. ताटाला लागून तिचं पाणी होतं आणि तेच पाणी खालून परत वॉफलमध्ये शिरतं. एकावर एक रचणं तर त्याहून वाईट. आमच्याकडे वांगी-पापड भाजायची तारेची जाळी आहे, ती मी दोन वाट्यांवर आडवी ठेवतो. खालून-वरून हवा लागते. पाचही वॉफल एकदम वाढायचे असतील तर जाळी ओटीजीमध्ये १०० अंशांवर ठेवा. दोन वॉफलच्या मध्ये मशीन रिकामं, बंद झाकणाने दोन मिनिटं तापू द्या. ७५० वॅटचं मशीन आधीच्या वॉफलने थंडावलेलं असतं.

सौ. अंडं खात नाही, म्हणून तिचे वॉफल मी आधी काढतो, अंड्याचं पीठ साच्याला लागण्याच्या आत. त्यासाठी अंडी वगळून जवसाची पूड एक मोठा चमचा तीन चमचे कोमट पाण्यात भिजवून घालतो, दूध ६० मिली आणि तेल एक मोठा चमचा वाढवतो, आणि तांदळाची पिठीही एक मोठा चमचा. हा वॉफल जाळीदार कमी होतो, पण कुरकुरीत चांगला होतो. वेळ दीड मिनिट जास्त द्यावा लागतो.

सूनबाई याला बेल्जियन वॉफल म्हणते. खुद्द बेल्जियममध्ये ब्रसेल्सचा वेगळा आणि लिएजचा वेगळा. ब्रसेल्सचा यीस्टवर फुगवलेला, हलका, खोल खाचांचा. लिएजचा घट्ट कणकेचा, त्यात बीटाच्या साखरेचे खडे. अमेरिकेत बेल्जियन हे नाव रुळलं ते १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातून. तिथे मॉरिस फरमर्श यांच्या कुटुंबाने स्ट्रॉबेरी आणि क्रीम घालून वॉफल विकले होते. वीज नसताना हे लोखंडी साच्यात विस्तवावरच व्हायचे. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय इथल्या कॉर्नेलियस स्वार्टवाउटने १८६९मध्ये शेगडीवरच्या सुधारित साच्याचं पेटंट घेतलं. तुमच्याकडे गॅसवरचा साचा असेल तर दर दीड मिनिटाने तो उलटा करा, आच मध्यम ठेवा आणि वाफेचा नियम तोच पाळा.

वरून काय घ्यायचं, ते ताटात आल्यावर. आमच्याकडे काकवी आणि घरचं पांढरं लोणी. काकवी आधीच ओतून ठेवली तर खाचा दोन मिनिटांत मऊ पडतात, म्हणून वाटी शेजारी ठेवायची आणि घासागणिक बुडवायचं. मे महिन्यात हापूसच्या फोडीही असतात, पण त्याही बाजूला.

उरलेले वॉफल पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. परत गरम करताना टोस्टर वापरा, किंवा जाड तव्यावर मंद आचेवर, झाकण न ठेवता, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, तो आतलं पाणी कवचात आणून सोडतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे हवाच इतकी ओली असते की जाळीवर ठेवलेला वॉफलही पंधरा मिनिटांत नरम पडतो. त्या दिवसांत नातीला आधी पाटावर बसवतो आणि मग झाकण उघडतो.