आंब्याच्या खोक्यापासून रोपांच्या कुंड्या

वाशीच्या फळबाजारातून एप्रिल-मे महिन्यांत हापूसची पुठ्ठ्याची खोकी ठाणे-नवी मुंबईतील घराघरांत येतात आणि त्याच सुमारास काकडी, दोडका, कारले यांची रोपे पावसाळ्यासाठी तयार करायची असतात. या वेलांना मुळे हललेली सोसत नाहीत. म्हणून रोपासकट मातीत पुरता येणारी आणि तिथेच कुजून जाणारी लगद्याची कुंडी त्यांच्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा केव्हाही चांगली.

खोक्याचा साधा तपकिरी पुठ्ठाच घ्यावा. त्याचे तंतू सहसा लांब व चिवट असतात, तर नुसत्या वर्तमानपत्राची कुंडी ओली होताच ढासळते. चिकटपट्टी, पिना आणि चकचकीत छपाईचा भाग काढून टाकावा. चहाचे कागदी कप यात घालू नयेत, कारण त्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो.

पुठ्ठ्याचे लहान तुकडे रात्रभर भिजवावेत. पाण्याने तंतूंमधले बंध सैल होतात आणि लगदा वाळताना ते पुन्हा जुळतात. त्यामुळे डिंक किंवा खळ लागत नाही. मिक्सरमध्ये मूठभर तुकडे भरपूर पाण्यासह थोडा वेळच फिरवावेत, कारण फार बारीक केल्यास तंतू तुटतात. उरलेले पाणी फडक्यातून गाळूनच मोरीत सोडावे.

अंड्यांचे ट्रे करताना कारखान्यात जाळीचा साचा पातळ लगद्यात बुडवून त्यातले पाणी पंपाने शोषून घेतात. घरी दह्याच्या रिकाम्या डब्याला गरम सुईने सर्व बाजूंनी भोके पाडली की साचा तयार होतो. लगदा डब्याच्या आतल्या बाजूला साधारण 4-5 मिलिमीटर जाडीचा थापावा, तळाशी एक भोक ठेवावे आणि स्पंजने दाबून पाणी टिपावे. बाहेरून थापण्याचा मोह टाळावा: वाळताना लगदा आकसतो, त्यामुळे आतली कुंडी आपोआप सुटते, बाहेरची मात्र साच्याला आवळून तडकते.

खाडीकाठच्या दमट हवेत वाळवण्यालाच खरा वेळ द्यावा लागतो. कुंडी घट्ट झाली की साच्यातून काढून जाळीवर उपडी ठेवावी आणि उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्यावी. आत ओल राहिली तर बुरशी धरते.

लावताना कुंडी आधी भिजवावी आणि तिचा काठ मातीखाली जाईल इतकी खोल पुरावी. काठ उघडा राहिल्यास तो वातीसारखा मुळांजवळचे पाणी वर ओढतो आणि ते वाऱ्याने उडून जाते.