आधी खाडा काढा : सवयीच्या अ‍ॅपचा फ्लो कागदावर मांडताना

माझ्या पहिल्या यूएक्स (म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव आखण्याच्या कामाच्या) मुलाखतीला मी लॅपटॉपवर बारा स्क्रीन घेऊन गेले होते. सवयी लावणारं अ‍ॅप. फिकट जांभळा रंग, गोल कोपरे, टिक केली की रंगीत कपटे उडणार. समोरच्या बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "ही मुलगी चौथ्या दिवशी विसरली आणि नवव्या दिवशी परत आली, तर तिला काय दिसतं?"

मी माउस इकडेतिकडे फिरवला. नवव्या दिवसाची स्क्रीन माझ्याकडे नव्हतीच. माझ्या बाराही स्क्रीनमध्ये कोणी कधी विसरतच नव्हतं.

नोकरी गेली ते गेलीच. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. मी बी.कॉम.; सांगलीला एका पतसंस्थेत दोन वर्षं खतावण्या लिहून मग पुण्याला डिझाइनच्या कोर्सला आलेली. चित्रकलेचा हात नाही, अजूनही नाही. तेच अ‍ॅप मी पुन्हा पहिल्यापासून, कागदावर केलं. त्यात काय कळलं ते नवीन येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

दिवाळीत घरी गेले होते. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर असतं आणि दुधाचा हिशोब त्यावर. रोजचं एक लिटर ठरलेलं, त्यामुळे रोज काही लिहायचं नाही. दूध आलं नाही किंवा नको म्हणून सांगितलं, तेवढ्याच चौकटीत आई 'खाडा' लिहिते. महिनाअखेरीला तीसमधून खाडे वजा, गुणिले भाव. मी चहा घेता घेता त्या पानाकडे बघत होते आणि एकदम लक्षात आलं, की मला हवी असलेली नवव्या दिवसाची स्क्रीन ही समोर टांगलेली आहे. खाडा पडला म्हणून इथे कोणी मागचे वीस दिवस शून्य करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध येतंच. आणि गावाला जायचं असेल तर खाडा आदल्या दिवशीच सांगून ठेवता येतो.

सवयीच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये याच्या बरोबर उलट चालतं. सलग दिवसांचा आकडा वाढत जातो, एक दिवस चुकला की धाडकन शून्य. मग माणूस त्या शून्याकडे बघायला नको म्हणून अ‍ॅपच उघडत नाही. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोसारख्या अ‍ॅपनेही शेवटी एखादा दिवस चुकला तरी आकडा टिकवणारी 'स्ट्रीक फ्रीझ'ची पळवाट दिलीच.

'२१ दिवसांत सवय लागते' हे वाक्य माझ्याही पहिल्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात होतं. ते आलं मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं; पुढे त्यातलं 'कमीत कमी' गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला. त्यात सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला हिशोबाने २५४ दिवस लागतील असं निघालं. मधला आकडा ६६. माझ्या कामाची गोष्ट मात्र वेगळीच होती. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे दुधाचं कॅलेंडर बरोबर होतं आणि माझे कपटे चूक.

तेव्हा तुम्ही सवयीचं अ‍ॅप करायला घेतलंत तर पहिला कागद खाड्याचा काढा. तो मी असा मांडला. एक दिवस चुकला तर मुख्य स्क्रीनवर कालचा गोल रिकामा, बस. लाल रंग नाही, रडका चेहरा नाही, प्रश्न नाही. तीन-चार दिवस गेले तर वर एकच ओळ, "वीस मिनिटं जमत नाहीयेत? पाच करू या का?" पंधरवडा गेला तर तीन वाटा: ठेवू, छोटी करू, थांबवू. 'थांबवू' हे बटण नीट दिसेल एवढंच मोठं ठेवलं. या बटणावरून कोर्समधल्या मित्राशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याचं म्हणणं, आपणच माणसाला दार कशाला दाखवायचं? माझं म्हणणं, दार नाही दाखवलं तर तो अ‍ॅपच काढून टाकेल. आणि चौथी गोष्ट, आगाऊ खाडा: "सोमवारपासून चार दिवस गावाला." सलग दिवसांचा आकडा काढून त्या जागी 'या महिन्यात ३०पैकी २६' आलं.

फ्लो, म्हणजे एका स्क्रीनवरून पुढच्या स्क्रीनकडे जायची वाट, मांडायला मी रायन सिंगर या डिझायनरची आडव्या रेघेची पद्धत वापरते. रेघेच्या वर काय दिसतं ते, रेघेखाली माणूस काय करतो ते, आणि तिथून बाण पुढच्या रेघेकडे. चौकटी नाहीत, रंग नाहीत. वर 'आजची सवय, रिकामा गोल', खाली 'गोल दाबते', बाण, वर 'भरलेला गोल, महिन्याचा आकडा'. एवढ्यावर अख्खं अ‍ॅप एका पानात बसतं. आणि रेघेखाली लिहायला काहीच सुचत नसेल, तर ती स्क्रीन नकोच आहे असं समजा. माझ्या जुन्या फ्लोत पहिली टिक करायच्या आधी नऊ स्क्रीन होत्या: लोगो, तीन स्वागताच्या पाट्या, नाव-नंबर, ओटीपी, प्रकार निवडा, सवय निवडा, वेळ निवडा. स्वागताच्या तिन्ही पाट्यांखाली लिहायला एकच क्रिया होती, 'पुढे'. तिन्ही गेल्या. नाव-नंबर आणि ओटीपी मागे ढकलले. डेटा जपून ठेवायचा असेल तेव्हा विचारू.

वेळ निवडण्यावर मात्र मी आठवडाभर अडकले. आईला विचारलं, "संध्याकाळी किती वाजता चालायला जातेस?" ती म्हणाली, "दिवाबत्ती झाली की." साडेसहा नाही, सात नाही. सवयींचा अभ्यास करणारे बी. जे. फॉग हेच सांगतात, की नवी सवय रोज आपसूक घडणाऱ्या जुन्या गोष्टीला बांधायची. पण फोनला दिवाबत्ती कशी कळणार? मग एका प्रश्नाचे दोन केले. आधी "कशानंतर?", त्यात उठल्यावर, चहानंतर, दिवाबत्तीनंतर, जेवणानंतर. त्यानंतर "साधारण किती वाजता होतं ते?" आठवण त्या वेळेला येणार, पण तिच्यात शब्द मात्र पहिल्या उत्तराचे: "दिवाबत्ती झाली? चला, चालायला." एक स्क्रीन वाढली, त्याचं मला वाईट वाटलं नाही.

आठवणीची परवानगी कुठे मागायची, हाही फ्लोचाच प्रश्न. आयफोनवर ती खिडकी एकदाच येते आणि अँड्रॉइडवरही १३व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२पासून, परवानगी मागावी लागते. अ‍ॅप उघडताक्षणी मागितली तर माणूस सवयीने 'नको' दाबतो. वेळ सांगून झाल्यावर लगेच मागितली तर निदान कशासाठी ते त्याला कळलेलं असतं.

आता स्क्रीन. ए-फोर कागदाच्या तीन घड्या घातल्या की आठ चौकटी होतात, प्रत्येक ७४ बाय १०५ मिलिमीटर. रुंदी जवळजवळ फोनएवढी, उंची कमी. ती कमी असते हेच बरं, कारण महत्त्वाचं तेवढंच मावतं. एका चौकटीला एक मिनिट, आठ मिनिटांत एकाच स्क्रीनचे आठ प्रकार. पहिले तीन कुठेतरी पाहिलेले येतात, चौथ्या-पाचव्याला चिडचिड होते, सहाव्यानंतर काहीतरी आपलं निघतं. पेन नको, जाड स्केचपेन घ्या. बारीक लिहिताच येत नाही, त्यामुळे पाल्हाळ आपोआप थांबतं. बटण एक सेंटिमीटरपेक्षा छोटं काढू नका. अँड्रॉइडच्या नियमावलीतलं ४८ डीपी (पडद्यावरची मापं मोजायचं एकक) म्हणजे पडद्यावर सुमारे ९ मिलिमीटर, आणि आईचा अंगठा काही नियमावली वाचून फोन धरत नाही.

चित्रात नागमोडी रेघा मारून 'इथे मजकूर' असं लिहू नका. खरा मजकूर लिहा, आणि अ‍ॅप मराठी असेल तर मराठीतच विचार करून लिहा. हे मी चटका बसल्यावर शिकले. कागदी स्क्रीन घेऊन आईसमोर बसले. ती बोटाने कागदावर दाबणार, मी पुढचा कागद सरकवणार. मी फोन, त्यामुळे मी बोलायचं नाही. ती आली 'आजची सवय : २० मिनिटं चालणं' या कागदावर. खाली बटण होतं 'पूर्ण करा'. बराच वेळ बघत बसली.

"अगं, मी तर आत्ताच चालून आले. आता आणखी काय पूर्ण करू?"

मी गप्प. ओठ चावून गप्प. इंग्रजी बटणाचं भाषांतर करताना माझ्या हातून आज्ञा लिहिली गेली होती. आईने ती आज्ञा म्हणूनच वाचली. मी तिच्यासमोरच 'पूर्ण करा' खोडून 'झालं' लिहिलं आणि तिने ताबडतोब दाबलं.

आठवणीच्या मजकुरातही असाच खड्डा होता. 'तू आज चालली नाहीस' लिहिलं तर पुरुष काय वाचणार? 'चालला नाहीस' लिहिलं तर आई? आणि 'तू' की 'तुम्ही'? नाव विचारण्याआधी लिंग विचारणारी स्क्रीन घालायची का, इथपर्यंत गाडी गेली होती. शेवटी 'आजचं चालणं राहिलं?' यावर आले. वाक्याचा कर्ता चालणंच केलं की कुणाचाच प्रश्न उरत नाही. पुढे फिग्मात, म्हणजे स्क्रीन काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, गेल्यावर ओळींमधलं अंतर तपासायला मी 'पूर्ण' हाच शब्द वापरते. खाली दीर्घ ऊकार, वर रफार, दोन्हीकडून कापला जातो की नाही ते लगेच दिसतं. बटणावरून गेला, पण असा उपयोगी पडला.

चाचणीला आईशिवाय चौघं होती: शेजारच्या काकू, रूममेट, कोर्समधली एक मुलगी आणि मामेभाऊ. वापरसुलभतेचे जाणकार जेकब निल्सन यांनी २००० सालीच सांगून ठेवलंय की पाच जणांत बहुतेक मोठ्या अडचणी दिसतात, आणि माझ्यापुरतं ते खरं निघालं. सगळ्यात मोठी अडचण मामेभावाने काढली. तो चाकणला कारखान्यात आहे, पाळ्या बदलत्या.

"ताई, दुसरी पाळी सुटून घरी पोचायला मला साडेबारा वाजतात. प्राणायाम होतो एक वाजता. म्हणजे तुझ्या अ‍ॅपच्या हिशोबाने मी रोज कालचं चुकवणार आणि उद्याचं आधीच करणार."

दिवस कधी संपतो, हे मी ठरवलंच नव्हतं. मी नाही ठरवलं तर प्रोग्रामर ठरवणार, आणि तो रात्री बारा धरणार. खरं तर आपल्या पंचांगात वार बदलतो सूर्योदयाला. रात्री एकला केलेला प्राणायाम आजीच्या हिशोबाने त्याच दिवसाचा. मी पहाटेचे चार धरले, आणि कालचा गोल आज दुपारपर्यंत भरता येईल असं फ्लोच्या कडेला लाल पेनने लिहिलं. हे स्क्रीनमध्ये कुठेच दिसत नाही. पण हे लिहिलेला कागद नसता तर बाकीचे कागद फुकट होते.

इंटरनेट नाही, फोन बदलला, एकाच घरात दोघांचा एक फोन, असल्या गोष्टींची यादी करून ठेवा. पहिल्या फेरीत सगळ्या काढत बसू नका.

फिग्मा मी तिसऱ्या कागदी फेरीनंतर उघडलं, तेही करड्या रंगातच. रंग आला की लोक रंगावर बोलतात. काकूंना जुन्या जांभळ्या स्क्रीन दाखवल्या होत्या तेव्हा त्या "छान आहे गं" एवढंच म्हणाल्या होत्या. मळक्या कागदावर मात्र त्यांनी चार चुका काढल्या.

आणि एक मूर्खपणा. पहिल्या दोन फेऱ्यांचे कागद मी रद्दीत टाकले. पोर्टफोलिओ करताना आठवण झाली, तेव्हा आठवून आठवून पुन्हा काढले. दुसऱ्या एका मुलाखतीत समोरच्याने ते बघून हसत विचारलं, "दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी, एकाच पेनने?" मी खरं काय ते सांगून टाकलं. मग त्याने बाकीचं सगळं बाजूला सारून खाड्याचा कागद मागितला, तो सुदैवाने मूळचा होता, चहाच्या डागासकट. तिथे मला तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. प्रत्येक कागदाचा त्याच दिवशी तारीख घालून फोटो काढा.

अ‍ॅप पुढे कोणी बनवलं नाही, ते क्लिक करता येण्यापुरतंच राहिलं. आईला मी विचारलं होतं, झालं असतं तर वापरलं असतंस का. ती कॅलेंडरकडे गेली. दुधाच्या खाड्यांशेजारी आता तिने चालण्याचेही लिहायला सुरुवात केली आहे, 'चा' असं बारीक अक्षर घालून. गेल्या महिन्यात दुधाचे दोन, चालण्याचे पाच.