झिंक ऑक्साइडचे नॅनोरॉड वाढवून अतिनील सेन्सर कसा बनवायचा

प्रोजेक्टला येणारी मुलं आल्या आल्या विचारतात, "सर, ओव्हन कधी लावायचा?" मी म्हणतो, आधी काच धुवा. साबणाचं पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, शेवटी डीआय वॉटर (आयन काढलेलं शुद्ध पाणी). प्रत्येकात दहा मिनिटं सोनिकेशन, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवून सफाई. काचेवर पाण्याचा थेंब पसरला पाहिजे. गोळा होऊन बसला, तर पुन्हा धुवा.

झिंक ऑक्साइडचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे 3.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे साधारण 370 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश तो गिळतो, दिसणारा प्रकाश आरपार सोडतो. शिवाय रॉड वाढवायला व्हॅक्यूम लागत नाही, त्यामुळे हा प्रयोग कॉलेजच्या लॅबला परवडतो.

सगळा खेळ सीड लेयरचा, म्हणजे ज्या पातळ थरावर नॅनोरॉड (अतिसूक्ष्म काड्या) उगवतात त्याचा. 50 मिली इथेनॉलमध्ये 0.11 ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट विरघळवा. स्पिन कोटरवर (काच गरगर फिरवून द्रावण पसरवणारं यंत्र) 2000 आरपीएमला 30 सेकंद, हॉटप्लेटवर वाळवणं, असे तीन-चार थर. मग फर्नेसमध्ये 350 अंशांवर अर्धा तास. हा थर फसला, की रॉड काडेपेटी सांडल्यासारखे वाटेल तसे आडवे पडतात.

ग्रोथसाठी 0.74 ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट आणि 0.35 ग्रॅम एचएमटी (हेक्झामिथिलिनटेट्रामाइन) वेगवेगळे 50-50 मिली डीआय वॉटरमध्ये विरघळवून एकत्र करा. दोन्ही 25 मिलीमोलर होतात. काच बाटलीत तिरकी ठेवा, सीडची बाजू खाली. द्रावणातही कण तयार होऊन तळाशी बसतात. बाजू वर असली तर तो सगळा गाळ फिल्मवर येतो. झाकण लावून 90 अंशांवर तीन-चार तास. एचएमटी तुटून अमोनिया आणि फॉर्मल्डिहाइड सुटतात, म्हणून बाटली गार झाल्यावर फ्यूम हूडमध्येच उघडा. काच डीआय वॉटरने धुवा. एकसारखी पांढुरकी झाक दिसली तर काम जमलं. एक्सआरडीत (एक्स-रे टाकून स्फटिकांची मांडणी पाहण्याची चाचणी) 34.4 अंशांच्या कोनावरचा पीक बाकीच्यांपेक्षा बराच उंच असेल, तर रॉड उभे आहेत.

सिल्व्हर पेस्टच्या दोन पट्ट्या, मध्ये मिलिमीटरभर फट. सुरुवातीला एवढं पुरे. 5 व्होल्ट द्या, 365 नॅनोमीटरची एलईडी वापरा, अतिनील अडवणारा चष्मा लावाच.

मुलं घाई करतात ती इथे. अंधारात पृष्ठभागावरचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन धरून बसलेला असतो. अतिनील प्रकाशात तयार झालेले होल (इलेक्ट्रॉन निघून गेलेल्या धन प्रभाराच्या जागा) त्याला सोडवतात आणि करंट चढतो. एलईडी बंद केल्यावर ऑक्सिजन परत चिकटायला वेळ लागतो, त्यामुळे करंट कित्येक मिनिटं रेंगाळत उतरतो. तो खाली येण्याआधीच दुसरी सायकल सुरू केली, तर बेसलाइन वर सरकत जाते आणि व्हायवात उत्तर देताना फे फे उडते. सॅम्पल रात्रभर अंधाऱ्या डब्यात ठेवा, सकाळी मोजा. पावसाळ्यात दमटपणामुळे डार्क करंट (अंधारातला करंट) बदलतो, म्हणून तापमान आणि आर्द्रता वहीत लिहाच.

एक रीडिंग अतिनील अडवणारा फिल्टर मध्ये धरूनही घ्या. तरीही करंट तेवढाच चढला, तर तुम्ही एलईडीची उष्णता मोजताय.